डुप्लिकेट फोटोंची साफसफाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं साधारण दहा हजारांपेक्षा मोठ्या संग्रहासाठी आहेत. पाचशे-सातशे फोटो असतील तर सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडू नका. तारखेनुसार लावा, नजरेने निवडा, तासाभरात काम होतं.

डुप्लिकेट नेमकं कशाला म्हणायचं?

तीन वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द वापरतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे तंतोतंत प्रत. नाव वेगळं असेल, फोल्डर वेगळं असेल, पण आतला प्रत्येक बाइट तोच. दुसरी, एकाच क्लिकच्या वेगवेगळ्या आवृत्त्या: मूळ फोटो, व्हॉट्सॲपवरून आलेला लहान फोटो, कातरलेला, फिल्टर मारलेला, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलेला. तिसरी, वेगळे क्लिक पण दिसायला सारखे, म्हणजे एकाच ग्रुप फोटोचे लागोपाठ दाबलेले आठ शॉट.

पहिल्या प्रकाराचा निकाल मशीनवर सोडता येतो. दुसऱ्यासाठी आधी नियम ठरवावे लागतात. तिसऱ्याला माणसाच्या डोळ्यांशिवाय पर्याय नाही. तिन्ही एकाच फटक्यात उरकायला गेलं की ग्रुप फोटोतला सगळ्यांचे डोळे उघडे असलेला नेमका शॉट उडतो आणि मिटलेल्या डोळ्यांचा राहतो.

सुरुवात कुठून करायची?

बॅकअपपासून. संपूर्ण संग्रह दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, त्यातले पंधरा-वीस फोटो उघडून पाहा आणि ती डिस्क केबल काढून कपाटात ठेवा. सिंक होणारं क्लाउड फोल्डर हा बॅकअप नाही. इथे डिलीट केलं की तिथूनही जातं.

मग विखुरलेलं सगळं एका डिस्कवर आणा, पण एका फोल्डरमध्ये ओतू नका. जुना फोन, नवा फोन, कॅमेऱ्याची कार्डं, जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क अशी प्रत्येक ठिकाणाची वेगळी पेटी ठेवा. सगळं एकत्र ओतताना कॉम्प्युटर ‘या नावाची फाइल आहे, बदलू का?’ असं विचारतो, घाईत ‘हो, सगळ्यांसाठी’ दाबलं जातं आणि एकाच नावाचे वेगळे फोटो एकमेकांवर लिहिले जातात. ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत.

त्यानंतर मोजणी. जेपेग किती, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) किती, व्हिडिओ किती, एकूण जागा किती, हे आकडे लिहून ठेवा. साफसफाईनंतर व्हिडिओंची संख्या अचानक निम्मी दिसली तर काहीतरी बिनसलंय हे याच आकड्यांवरून कळतं.

पुढचा क्रम असा: आधी तंतोतंत प्रती, मग आवृत्त्या, सगळ्यात शेवटी लागोपाठचे शॉट. पहिल्या पायरीनंतरच संग्रह बराच हलका होतो, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांचा वेळही वाचतो.

तंतोतंत प्रत सॉफ्टवेअर ओळखतं कशी?

आधी फाइलचा आकार बघतं. ज्या दोन फाइलींची बाइटसंख्या वेगळी, त्या सारख्या असणं शक्यच नाही. इथेच बहुतेक फाइली बाद होतात. उरलेल्यांचा सुरुवातीचा थोडा भाग तपासला जातो. तरीही जुळणाऱ्या फाइलींचा पूर्ण हॅश काढतात. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. एमडी५ चा ठसा १२८ बिटांचा, एसएचए-२५६ चा २५६ बिटांचा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो.

एमडी५ ‘मोडला’ असं वाचून काही जण घाबरतात. मुद्दाम घडवून एकाच ठशाच्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं, ते खरं आहे. पण घरच्या फोटोंत तसं आपोआप घडण्याची भीती बाळगू नका. तरी धाकधूक असेल तर एसएचए-२५६ वापरा, किंवा शेवटी बाइट-बाय-बाइट पडताळणी करणारं एफडुप्ससारखं साधन घ्या.

वेळ प्रोसेसरपेक्षा डिस्कवर अवलंबून असतो. सेकंदाला १५० एमबी वाचणाऱ्या हार्ड डिस्कला १ टीबी पूर्ण वाचायला सुमारे दोन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली तर आठ-नऊ तास. म्हणून ‘सॉफ्टवेअर अडकलं’ म्हणण्याआधी केबल कुठल्या पोर्टात आहे ते बघा.

दोन्ही फोटो डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, मग हॅश वेगळा का येतो?

फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर मेटाडेटाही असतो: तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल, लोकेशन, रेटिंग, टॅग. एका प्रतीला चार स्टार दिले आणि ते सॉफ्टवेअरने फाइलमध्येच लिहिले, की चित्राचा एक ठिपकाही न हलता हॅश बदलतो. फोटो आडवा-उभा फिरवल्यावर, लोकेशन काढून टाकल्यावरही तेच.

यावर उपाय म्हणजे फक्त चित्राच्या भागाचा हॅश काढणं. एक्झिफटूल या मेटाडेटा वाचणाऱ्या साधनात इमेज-डेटा-हॅश नावाची सोय आहे. ती मेटाडेटा वगळून ठसा देते. तंतोतंत प्रतींचा हात फिरवून झाला की ही दुसरी चाळणी लावावी. इथे सापडणाऱ्या जोड्या निर्धोक असतात, पण डोळे झाकून उडवू नका: एका प्रतीत चेहऱ्यांची नावं भरलेली असतात, दुसरी कोरी असते. कोरी काढायची.

नाव सारखं म्हणजे डुप्लिकेट ना?

नाही. कॅमेऱ्यांचं नावांचं प्रमाणित गणित चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ एवढंच आहे. दहा हजारावा शॉट पुन्हा ०००१ होतो. दोन कॅमेरे, तीन फोन आणि पंधरा वर्षं म्हटल्यावर ‘आयएमजी_००४२’ नावाचे सात वेगळे फोटो निघणं नेहमीचंच.

उलट बाजूही तेवढीच खरी. ‘(१)’ किंवा ‘कॉपी’ अशी शेपूट असलेली फाइल ही प्रतच असेल असं नाही. एकाच नावाचे दोन वेगळे फोटो एका फोल्डरमध्ये आले तरी हीच शेपूट लागते. नावावरून डिलीट करणारी कुठलीही युक्ती, मग ती कितीही सोपी वाटो, वापरू नका.

मग तारीख-वेळेवरून ओळखलं तर?

फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख निरुपयोगी आहे, ती कॉपी करताना किंवा एडिट करताना बदलू शकते. एक्झिफमधली, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या मेटाडेटातली, क्लिकची मूळ वेळ मात्र उपयोगाची. पण ती सेकंदापर्यंतच नोंदलेली असते. सेकंदाला दहा फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे दहा फोटो एकाच वेळेचे दिसतात. सेकंदाचा अपूर्णांक वेगळ्या रकान्यात असतो आणि प्रत्येक साधन तो वाचतंच असं नाही. त्यामुळे वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि चित्राची लांबी-रुंदी हे तिन्ही जुळलं तरच जोडी ‘संशयित’ धरावी. संशयितच, सिद्ध नव्हे.

लहान केलेला किंवा पुन्हा सेव्ह केलेला फोटो मूळ फोटोशी कसा जुळवला जातो?

त्यासाठी दृश्य-हॅश वापरतात. याच्या तीन-चार पद्धती आहेत. डी-हॅश समजायला सगळ्यात सोपी. फोटो कृष्णधवल करून अवघा ९ बाय ८ ठिपक्यांचा केला जातो. मग प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना पुढचा ठिपका आधीच्यापेक्षा उजळ असेल तर १, नसेल तर ०.

समजा एका ओळीतले नऊ ठिपके असे आहेत: १२०, १३२, १३१, ९०, ९०, ४५, ६०, ६१, २००. यातून आठ तुलना निघतात: १ ० ० ० ० १ १ १. अशा आठ ओळी, म्हणजे ६४ बिट. आता फोटो थोडा उजळ केला, प्रत्येक आकड्यात २० मिळवले, तरी चढ-उतार तेच राहतात आणि ठसाही तोच. व्हॉट्सॲपने फोटो लहान करून दाबला (कॉम्प्रेस केला) तरी बहुतेक चढ-उतार टिकतात. मात्र मधले ते ९० आणि ९० बघा. पुन्हा सेव्ह करताना दुसरा ९१ झाला की तिथल्या ० चा १ होतो. म्हणून दृश्य-हॅश ‘सारखा आहे का’ असं विचारत नाहीत, ‘किती बिट वेगळे आहेत’ असं विचारतात. या फरकाला हॅमिंग अंतर म्हणतात.

निरभ्र आकाश, भिंत, धुकं अशा सपाट फोटोंत शेजारचे ठिपके जवळजवळ समान असतात, त्यामुळे बरेच बिट नुसत्या योगायोगाने ठरतात. असे फोटो या पद्धतीला नेहमी चकवतात.

हे अंतर किती ठेवावं?

६४ बिटांच्या ठशासाठी ० ते २ ने सुरुवात करा. यात सापडणारे गट सहसा खरेच एका क्लिकचे असतात. ते निस्तरल्यावर ५ पर्यंत जा. इथे लागोपाठचे शॉट मिसळायला लागतात. १० च्या पुढे गेलात तर समुद्राचे सगळे सूर्यास्त एका गटात येतील. मोठा ठसा वापरत असाल, समजा १६ बाय १६ म्हणजे २५६ बिटांचा, तर हेच आकडे लागू होत नाहीत. त्यातले ५ बिट म्हणजे फारच कडक चाळणी. काही सॉफ्टवेअर अंतराऐवजी टक्के दाखवतात. डिजिकॅमचे ९० टक्के आणि डुपगुरुचे ९५ टक्के (या दोन्ही सॉफ्टवेअरची ओळख पुढे आहे) यांची आपसात तुलना करू नका, दोघांचं गणित वेगळं आहे.

सैल मर्यादेचा आणखी एक त्रास असतो. ‘अ’ हा ‘ब’ सारखा, ‘ब’ हा ‘क’ सारखा, म्हणून तिघं एका गटात येतात. प्रत्यक्षात ‘अ’ आणि ‘क’ यांचा काडीचा संबंध नसतो. गटात दहापेक्षा जास्त फोटो दिसले की आधी हीच शंका घ्या.

कुठल्या जोड्या हमखास चुकीच्या निघतात?

कागदपत्रांचे फोटो सगळ्यात धोक्याचे. पांढरा कागद, काळ्या ओळी, ९ बाय ८ मध्ये सगळी पानं सारखीच. वहीच्या चाळीस पानांतलं एकच उरल्याचं महिनाभराने लक्षात येतं. कागदपत्रं आणि स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून दृश्य-हॅशच्या तपासणीतून सरळ वगळा. रात्रीच्या आकाशाचे आणि कोरे काळे फ्रेमही तसेच.

एचडीआरसाठी, म्हणजे जोडून एकच फोटो बनवायला घेतलेले कमी-जास्त उजेडाचे तीन फ्रेम, पॅनोरामाचे तुकडे आणि फोकस सरकवत घेतलेल्या मालिका दिसायला डुप्लिकेट, पण प्रत्येक फ्रेम गरजेची. एक्झिफमधला एक्स्पोजर बायसचा (उजेड मुद्दाम किती कमी-जास्त केला त्याचा) आकडा −२, ०, +२ असा दिसला तर हात लावू नका.

आणि खऱ्या जोड्या सुटतात कधी?

कातरल्यावर. फोटोचा एक-चतुर्थांश भाग कापला की चढ-उतारांची जागाच बदलते आणि ठसा जुळत नाही. फिरवलेल्या प्रतीही सुटतात. बरेच कॅमेरे फोटो आडवाच साठवतात आणि ‘दाखवताना फिरव’ अशी १ ते ८ मधली एक खूण मेटाडेटात लिहितात. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश. ही खूण न वाचणाऱ्या साधनाला मूळ फोटो आडवा दिसतो, खरोखर फिरवून सेव्ह केलेली प्रत उभी. आरशासारखे उलटे सेल्फीही असेच निसटतात. अशा प्रतींसाठी एक्झिफची वेळ हाच धागा, आणि तीही पुसली गेली असेल तर डोळे.

गटातली कुठली प्रत ठेवायची?

समजा एकाच क्लिकच्या या सहा फाइली समोर आल्या:

१. एचईआयसी (आयफोनचा फोटो फॉरमॅट), ४०३२ × ३०२४, १.९ एमबी, तारीख आणि लोकेशन आहे
२. जेपेग, ४०३२ × ३०२४, ३.४ एमबी, तारीख आणि लोकेशन आहे
३. जेपेग, १६०० × १२००, २८० केबी, मेटाडेटा नाही
४. जेपेग, ४०३२ × ३०२४, ७.८ एमबी, मेटाडेटात एडिटिंग ॲपचं नाव
५. जेपेग, ३००० × ३०००, कातरलेला, रंग सुधारलेला
६. पीएनजी, ११७० × २५३२, वर बॅटरी आणि घड्याळाची पट्टी

‘सगळ्यात मोठी फाइल ठेवा’ या नियमाने चौथी राहते, आणि ती चूक आहे. जेपेग पुन्हा ‘क्वालिटी १००’ वर सेव्ह केला की फाइल फुगते, तपशील मात्र वाढत नाही. उलट पुन्हा दाबल्याने थोडा जातोच. मूळ आहे पहिली. दुसरी ही तिच्यावरून बनवलेली, म्हणून आकाराने मोठी असूनही दुय्यम. पहिली ठेवा. पाचवीवर कोणीतरी मेहनत घेतली आहे, तीही ठेवा. तिसरी आणि सहावी बिनदिक्कत काढा. चौथी उघडून बघा: नुसती पुन्हा सेव्ह केली असेल तर काढा, रंग-उजेड बदलला असेल तर पाचवीच्या शेजारी ठेवा. दुसरी काढायची की नाही हे तुमची बाकीची साधनं एचईआयसी उघडतात का यावर ठरवा.

सर्वसाधारण क्रम सांगायचा तर आधी रॉ किंवा कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फाइल, मग जास्त पिक्सेल, मग शाबूत एक्झिफ, मग टॅग आणि रेटिंग. फाइलचा आकार सगळ्यात शेवटी. आणि काढल्या जाणाऱ्या प्रतीत टॅग असतील तर ते आधी राहणाऱ्या प्रतीत उतरवून घ्या.

व्हॉट्सॲपचे फोटो सरसकट उडवले तर?

नको. तुम्ही पाठवलेल्या फोटोंच्या प्रती अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप इमेजेसच्या आत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये साठतात. त्यांचे मूळ फोटो गॅलरीत असतील तर ते फोल्डर निर्धास्त रिकामं करता येतं. पण दुसऱ्यांनी पाठवलेला लहान फोटो ही तुमच्याकडची एकमेव प्रत असू शकते. मूळ त्यांच्या फोनबरोबर कधीच गेलेला असतो.

या फाइलींच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे असतात. ती तारीख फोटो आला-गेला त्या दिवसाची असते, क्लिकची नव्हे. मेटाडेटा काढलेला असल्याने खरी तारीख परत मिळवायला दृश्य-हॅशने मूळ शोधणं हाच मार्ग. यापुढे कोणाकडून मूळ फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवलेली फाइल न दाबता येते.

आयफोनमधून कॉपी केल्यावर एकाच फोटोच्या तीन-चार फाइली का येतात?

लाइव्ह फोटोची जोडी असते: स्थिर चित्र आणि त्याच नावाचा दोन-तीन सेकंदांचा एमओव्ही व्हिडिओ. एडिट केलेला असेल तर नावात ‘ई’ असलेली वेगळी फाइल येते, आणि एएई ही छोटी फाइल म्हणजे एडिटिंगची नोंद. यातलं काहीच डुप्लिकेट नाही. फक्त एमओव्ही उडवला तर लाइव्ह फोटो साधा होतो.

खरे डुप्लिकेट सेटिंगमुळे बनतात. ‘मॅक किंवा पीसीला पाठवताना’ या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ असेल तर एचईआयसीचे जेपेग होऊन येऊ शकतात. एकदा तसं कॉपी केलं आणि पुढच्या वेळी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडलं, की तंतोतंत तपासणीत कधीच न जुळणाऱ्या हजारो जोड्या तयार. पहिल्या दिवशी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा आणि तेच ठेवा.

आयओएस १६ पासून फोटोज ॲपमध्ये ‘डुप्लिकेट्स’ अल्बम आहे. ‘मर्ज’ दाबल्यावर चांगली प्रत आणि एकत्रित माहिती राहते, बाकीच्या ३० दिवस ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये असतात. फोनपुरतं हे पुरेसं आहे. अल्बम लगेच भरत नाही. फोन चार्जिंगला लावून लॉक करून ठेवावा लागतो.

रॉ आणि जेपेग अशी जोडी आहे. जेपेग काढू का?

रॉ उघडून एडिट करणारे असाल तर काढा. नसाल तर ठेवा. कॅमेऱ्याने दिलेला रंग फक्त जेपेगमध्ये आहे. तपासणीत मात्र दोघांना जोडी म्हणूनच वागवा, एकट्या रॉच्या फाइली वेगळ्या चाळून उडवू नका.

गूगल फोटोजमधून सगळं डाउनलोड केलं तर फोटो दुप्पट झाले. असं का?

टेकआउट (गूगलची डेटा डाउनलोड करायची सोय) प्रत्येक फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये देतं आणि तो अल्बममध्ये असेल तर अल्बमच्या फोल्डरमध्येही देतं. हे बहुतेक तंतोतंत असतात, पहिल्याच चाळणीत सापडतात. घाई करू नका: अल्बममधल्या प्रती उडवल्या की कुठला फोटो कुठल्या अल्बममध्ये होता ही माहितीही गेली. आधी अल्बमचं नाव टॅग म्हणून फाइलमध्ये उतरवा. शेजारच्या जेसन फाइलींत ॲपमध्ये दुरुस्त केलेल्या तारखा आणि वर्णनं असतात, त्या कचरा समजून काढू नका.

पूर्वी ‘हाय क्वालिटी’ आणि आता ‘स्टोरेज सेव्हर’ म्हणतात त्या सेटिंगने चढवलेले फोटो पुन्हा दाबलेले असतात, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे असतील तर लहानही केलेले. त्यामुळे क्लाउडची प्रत आणि हार्ड डिस्कवरची प्रत तंतोतंत जुळत नाही. मूळ हार्ड डिस्कवरचं.

लाइटरूम किंवा मॅकच्या फोटोज लायब्ररीवर डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं तर?

शोधायला चालवा, डिलीट करायला नाही. मॅकची फोटोज लायब्ररी एक फाइल दिसते, पण ते फोल्डर आहे. आतल्या फाइलींचा हिशोब डेटाबेसमध्ये असतो आणि आतली लहान प्रीव्ह्यू चित्रं बाहेरच्या सॉफ्टवेअरला डुप्लिकेट वाटतात. त्यात हात घातला की लायब्ररी बिघडते. लाइटरूम या फोटो-एडिटिंगच्या ॲपमध्ये बाहेरून फाइल काढली तर फोटोवर ‘फाइल सापडत नाही’ची खूण येते आणि केलेलं एडिटिंग पोरकं होतं. यादी बाहेरच्या साधनाने बनवा, डिलीट त्या ॲपमधूनच करा.

लाइटरूम क्लासिकमधलं ‘संशयित डुप्लिकेट आयात करू नका’ हा पर्याय मूळ नाव, एक्झिफची वेळ आणि फाइलचा आकार या तिन्हींवर चालतो. कॅटलॉगबाहेर (लाइटरूमच्या नोंदवहीबाहेर) आधीच नाव बदललेल्या फाइली त्यातून सटकतात. आणि व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलच्या वेगळ्या एडिटिंगची नुसती नोंद) डिस्कवर दुसरी फाइल बनवत नाही. जागा वाचवायला त्या काढण्यात अर्थ नाही.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

फुकटातली तीन पुरेशी आहेत.

डुपगुरुमधली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे ‘रेफरन्स’ फोल्डर. मुख्य संग्रह रेफरन्स ठरवला की त्यातली एकही फाइल डिलीटसाठी निवडताच येत नाही. मात्र वेगवेगळ्या लांबी-रुंदीचे फोटो जुळवण्याचा पर्याय आपला आपण सुरू करावा लागतो. तो बंद असेल तर व्हॉट्सॲपच्या प्रती सापडणारच नाहीत.

चकाफ्का (पोलिश भाषेत याचा अर्थ ‘उचकी’) वेगवान आहे आणि काढलेले ठसे साठवून ठेवतं, त्यामुळे दुसरी फेरी झटपट होते. त्याच्या प्रत्येक बिल्डला (तयार आवृत्तीला) एचईआयसी वाचता येत नाही, तेवढं बघून घ्या.

डिजिकॅम हे पूर्ण संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर. टॅग, चेहरे, रेटिंग समोर ठेवून निवड करायची असेल तर हेच. आधी सगळ्या फोटोंचे ठसे बनवून घ्यावे लागतात. मोठ्या संग्रहाला ते रात्री लावून ठेवा.

एक लाख फोटोंत प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना म्हणजे जवळपास ५०० कोटी जोड्या. चांगली साधनं ठशांची झाडासारखी मांडणी करून त्यातल्या बऱ्याचशा टाळतात. तरी वर्षवार तुकडे करण्यापेक्षा सगळा संग्रह एकदम द्या, कारण तारीख चुकलेली प्रत नेमकी दुसऱ्याच वर्षात असते.

सापडलेल्या प्रती लगेच डिलीट करायच्या?

‘बाहेर काढलेले’ असं फोल्डर करून त्यात हलवा, मूळ फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवून. तीन महिने राहू द्या. कोणीतरी एखादा फोटो मागतं, तेव्हाच चुका कळतात.

चाळीस जीबी डिलीट केले, जागा तेवढीच. का?

आधी रिसायकल बिन बघा. मग हार्ड लिंकची शक्यता. एकाच फाइलला दोन नावं असतात. एक नाव काढलं तरी डेटा दुसऱ्या नावाखाली तसाच. मॅकच्या एपीएफएस (फाइली साठवायची नवी पद्धत) डिस्कवर फाइंडरमधून ‘डुप्लिकेट’ केलेली फाइल मुळात जागाच घेत नाही, त्यामुळे काढल्यावर मिळणार काय? टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपचे लोकल स्नॅपशॉटही (डिस्कच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी) डिलीट केलेला डेटा २४ तासांपर्यंत धरून ठेवतात. नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) स्नॅपशॉट चालू असतील तर मुदत त्याच्या सेटिंगप्रमाणे.

मराठी नावाची दोन फोल्डरं अगदी सारखी दिसतात, तरी कॉम्प्युटर दोन वेगळी मानतो. हे काय?

‘दुसऱ्या दिवशी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे जोडून. जुनी एचएफएस प्लस पद्धतीची मॅक डिस्क नावं तुकडे करूनच साठवायची. तिथून लिनक्सवर किंवा नॅसवर कॉपी केलं आणि तेच फोल्डर विंडोजवरूनही आलेलं असेल, की डोळ्यांना एक आणि यंत्राला दोन. आतल्या फाइली तंतोतंत चाळणीत सापडतातच. त्या काढल्यावर उरलेलं फोल्डर कीबोर्डवरून नव्याने नाव टाइप करून एकत्र करा.

जुन्या कागदी फोटोंचे दोनदा झालेले स्कॅन कसे शोधायचे?

हॅश इथे लंगडा पडतो; धूळ, तिरकेपणा, कडांचं कातरणं दर वेळी वेगळं. मर्यादा ८-१० पर्यंत सैल करून नजरेने बघा. ४ × ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) २४०० × ३६०० होतो, म्हणजे बिनदाबलेला टिफ सुमारे २६ एमबी. डीपीआय जास्त असलेला स्कॅन चांगला असं धरून चालू नका. ३०० चा नीट स्कॅन १२०० च्या हललेल्यापेक्षा सरस.

पुन्हा साचू नये म्हणून काय करावं?

आयातीचा दरवाजा एकच ठेवा: एक कॉम्प्युटर, एक ‘आवक’ फोल्डर, एक सॉफ्टवेअर. कार्ड कॉपी झालं, दुसरी प्रत पडताळली, की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. अर्धवट रिकामी केलेली कार्डं हेच डुप्लिकेटचं मोठं उगमस्थान. नावं आयातीच्या वेळीच क्लिकच्या वर्ष-महिना-दिवस-वेळेवरून द्या, शेवटी कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक राहू द्या. एकाच फोनवर दोन क्लाउड ॲपांचा बॅकअप चालू असेल तर एक बंद करा.

नाव, तारीख, फाइलचा आकार सगळं सारखं, तरी हॅश जुळत नाही. कुठलीही एक काढू का?

थांबा. मेटाडेटा बदलल्यानेही असं होऊ शकतं, पण तेव्हा फाइलचा आकार बहुधा थोडा हलतो. आकार बाइटपर्यंत तोच आणि हॅश वेगळा असेल तर एक प्रत खराब झाल्याचा संशय घ्यावा: डिस्कचा एखादा भाग बिघडलेला, कॉपी होताना केबल निसटलेली. थंबनेल पाहून हे कळत नाही, कारण थंबनेल फाइलच्या सुरुवातीला वेगळं साठवलेलं असतं आणि ते शाबूत राहतं. दोन्ही फोटो पूर्ण आकारात उघडून खालपर्यंत सरका. खराब प्रतीत मधूनच रंग सरकलेले दिसतात किंवा खालचा भाग राखाडी असतो. अशा जोड्या एकाच डिस्कवर चार-पाच निघाल्या तर साफसफाई तिथेच थांबवा आणि त्या डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे हलवा.